बलभीमचा केसपेपर

१

वैजनाथच्या अंगठ्यात मशीनची सुई गेली तेव्हा शाळा उघडायला आठ दिवस राहिले होते. बेंबळीतल्या त्याच्या शिलाईच्या दुकानात गणवेशाच्या कापडाचा ढीग छताला टेकायचाच बाकी होता. पाय मशीनच्या पायट्यावर, हात कापडावर आणि लक्ष दारात तगादा लावून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे, असं झाल्यावर जे व्हायचं ते झालं. सुई डाव्या अंगठ्याच्या नखातून आत गेली आणि टोक आतच मोडलं. दिसायला घाव काहीच नाही. नखावर एक काळा ठिपका, बस्स. पण ठणका असा की हात कोपरापासून काढून ठेवावासा वाटे. आणि शिंप्याचा डावा अंगठा म्हणजे निम्मं दुकान. कापड तोच धरतो, तोच पुढं सरकवतो.

गावातल्या कंपाउंडरनं धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि हात वर केले. "फोटो काढल्याबिगर टोक कुठं हाय ते कळायचं न्हाय. सरकारी दवाखान्यात जावा."

तो दवाखाना एसटीनं तासाभराच्या अंतरावर. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं आपापल्या परीनं बरी होती आणि कुणाला बोल लावायची माझी इच्छा नाही. वैजनाथची बायको शिवकन्या बाळंतपणाला तामलवाडीला माहेरी गेलेली. म्हणून सोबत आली ती त्याची आई, सिताबाई. तशी ती एरवीही आलीच असती. धाकटा बलभीम गेल्यापासून ती वैजनाथला एकट्याला वेशीबाहेर जाऊ देत नसे.

केसपेपरच्या खिडकीत वीरभद्र नावाचा कारकून बसला होता. कॉम्प्युटरशेजारी अंगठा लावायचं यंत्र. वैजनाथचा डावा अंगठा सुजलेला, म्हणून उजवा लावला. उमटेना. मग एकेक करत नऊ बोटं लावून झाली. वीस वर्षं सुया टोचून घेतलेली ती बोटं, त्यांच्यावरच्या रेषा कधीच पुसल्या होत्या.

"मोबाईल नंबर सांगा," वीरभद्र म्हणाला. "कार्डाला जोडलेला. ओटीपी येईल."

वैजनाथनं नंबर दोनदा बदललेला. जोडलेला कुठला ते त्याला आठवेना. मागची रांग कुरकुरायला लागली. तेवढ्यात सिताबाईनं त्याच्या खांद्याआडून एक नंबर सांगितला. तिला तेवढा एकच पाठ होता. तिच्या कमरेच्या पिशवीतला मोबाईल लगेच वाजला, आकडे आले आणि कॉम्प्युटरवर नाव उघडलं.

"बलभीम बब्रुवान," वीरभद्रनं वाचलं. "हेच ना?"

बलभीमला जाऊन चौदा महिने झाले होते. त्याचं सिमकार्ड आईच्या मोबाईलमध्ये होतं आणि त्याचं नाव कुठल्याच कार्डातून कमी केलेलं नव्हतं, कारण नाव कमी करायचा विषय काढला की आई जेवत नसे. वैजनाथनं 'न्हाय' म्हणायला तोंड उघडलं. पण त्याआधी सिताबाई बोलून गेली होती.

"व्हय," ती म्हणाली. "बलभीम."

वैजनाथनं वळून आईकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर चौदा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं होतं. कागदावर काय का असेना, अंगठा तर माझाच आहे, असं म्हणून त्यानं केसपेपर घेतला.

२

डॉक्टर पोरसवदा, घाईतला. अंगठा दाबून त्यानं वैजनाथला तारे दाखवले आणि एक्स-रेची चिठ्ठी दिली.

एक्स-रेच्या खोलीबाहेर सिमेंटचं लांब बाकडं. आयुबभाई नावाचा वयस्कर शिपाई दाराशी उभा राहून नावं पुकारत होता. त्याचा आवाज खणखणीत. अर्ध्या तासानं त्यानं हाक दिली, "बलभीम बब्रुवान!"

वैजनाथ बसून राहिला. आपल्याला नाही, भावाला कुणीतरी हाक मारतंय, असंच त्याला क्षणभर वाटलं. घरात हे नाव मोठ्यानं कुणी घेत नव्हतं. मग भान आलं आणि तो धडपडत उठून आत गेला.

"आता काय?" यंत्रावरचा माणूस मान वर न करता म्हणाला. "झाला की फोटो. आत्ता तर हात ठेवून गेलात."

"म्या न्हाय आलो."

"बलभीम ना? मग झाला. फिल्म बाहेर मिळेल, घेऊन जा."

गर्दीच्या ठिकाणी असं होतंच. वैजनाथनं फिल्म घेतली आणि डॉक्टरसमोर ठेवली. डॉक्टरनं ती उजेडात धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मनगट दोन ठिकाणी मोडलंय आणि तुम्ही अंगठ्याचं घेऊन बसलात?"

त्यानं वैजनाथचं मनगट हातात घेऊन इकडं तिकडं फिरवलं. ते धड होतं. "दुसऱ्याची फिल्म आली तुमच्याकडं," तो म्हणाला. "परत काढा. पण दुसऱ्यांदा काढायचा तर मोठ्या साहेबांची सही लागते. साहेब आज मीटिंगला गेलेत. उद्या या."

वैजनाथ उभाच होता. फिल्मच्या कोपऱ्यात भावाचं नाव होतं. डावा हात. दोन ठिकाणी मोडलेलं मनगट. बलभीमला शेवटची आंघोळ त्यानंच घातली होती. डावा हात अंगाखाली दुमडून बसला होता आणि तो सरळ करताना वैजनाथनं डोळे मिटून घेतले होते. हे त्यानं आईलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

हाडं सगळ्यांचीच मोडतात, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

३

परतीच्या एसटीत सिताबाई खिडकीशी बसली आणि बोलायला लागली. ती बोलत नसे, म्हणून सांगतो. पाऊस कधी येईल, शिवकन्येला मुलगी झाली तर बरं, असं काहीबाही. घरी गेल्यावर तिनं पिठलं केलं आणि दोन भाकरी खाल्ल्या. वैजनाथला बरं वाटायला हवं होतं. तसं ते वाटलंही, पण स्वतःची भाकरी त्यानं अर्धीच खाल्ली.

"उद्या किती वाजता हाक मारतील?" तिनं विचारलं.

"कुणाला?"

"अरं, नाव पुकारतात ते."

मग भाकरीचा तुकडा हातातच धरून ती हळूहळू सांगू लागली. बलभीम दुधाचा टेम्पो चालवायचा. नळदुर्गच्या अलीकडं पहाटे टेम्पो उलटला. मोबाईल फुटला, टेम्पोचे कागद मालकाच्या नावाचे. कुणा भल्या ट्रकवाल्यानं त्याला दूरच्या एका दवाखान्यात नेऊन टाकलं. घरच्यांना कळलं संध्याकाळी. तोवर तो दुपारीच गेला होता. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस.

"सकाळपस्नं दुपारपर्यंत जित्ता व्हता त्यो," सिताबाई म्हणाली. "डोळं उघडं व्हतं म्हणं. संगं कुणी हाय का, म्हणून दोनदा पुकारलं तिथल्या मानसानं. कोण असणार? नावानं एक हाक कुणी मारली न्हाय रं त्याला. आज कानावर आली बघ. किती चांगल्या आवाजात मारली त्या बाबानं."

वैजनाथनं ताट बाजूला सारलं. त्याचा अंगठा तोवर गरम झाला होता.

४

दुसऱ्या दिवशी सिताबाईनं ठेवणीतलं इरकल नेसलं. दवाखान्यात इरकल कशाला, हे विचारायचं वैजनाथला धाडस झालं नाही.

मोठ्या साहेबांची सही दुपारपर्यंत झाली नाही. डॉक्टर म्हणाला, तोवर ड्रेसिंग करून घ्या, पू धरायला लागलाय. या वेळी वैजनाथनं ठरवलं होतं. हाक आली की पहिलं पाऊल आपलं. तो ड्रेसिंगच्या खोलीच्या हिरव्या पडद्याला जवळजवळ चिकटून उभा राहिला. आयुबभाईनं हाक दिली आणि त्याच क्षणी त्यानं पडद्याला हात घातला.

"एकेक जण या!" आतून सिस्टरचा आवाज आला. "पेशंट आहे आत."

तो थांबला. आत कात्रीचा आवाज झाला, पट्टी फाडल्याचा आवाज झाला. कुणीतरी हळूच श्वास आत ओढला, दुखल्यावर ओढतो तसा. मग शांत. बराच वेळ झाला तरी बाहेर कुणी आलं नाही. पडदा सारला तर सिस्टर वर्षाराणी एकटीच वहीत लिहीत होती.

"बलभीमचं झालं," ती म्हणाली. "पुढचा कोण?"

"ताई, म्याच त्यो. माझं कुठं झालंय?" त्यानं उघडा अंगठा पुढं केला.

सिस्टरनं अंगठा पाहिला, वही पाहिली. तिच्या कपाळावर घाम होता. "दिवसाला साठ ड्रेसिंगं करते मी एकटी. माणसाचं तोंड कोण बघतं?" ती म्हणाली. "वहीत झालंय म्हणजे झालंय. उद्या पहिल्यांदा तुमचं करते."

तो बाहेर आला. बाकड्यावर माणसं दाटीवाटीनं बसलेली, काही भिंतीला टेकून उभी, एक म्हातारा तर जमिनीवर बसलेला. सिताबाईच्या डाव्या बाजूला मात्र एका माणसाची जागा मोकळी होती. तिथं ना पिशवी होती, ना डबा. कुणी बसतही नव्हतं, आणि तिथं बसायचं नाही हे जणू सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं कुणी तिकडं पाहतही नव्हतं.

"माय, इथं कोण बसलं व्हतं?"

"कुठं?" ती म्हणाली आणि पदराच्या टोकानं ती मोकळी जागा तिनं पुसली.

वैजनाथ सरळ आयुबभाईकडं गेला. "चाचा, ह्या नावाचा दुसरा पेशंट हाय का कुणी?"

"दुसरा कशाला?" आयुबभाई म्हणाले. "तुमच्याच संगं येतो की. तुमचा भाऊ नव्हं का? अंगानं तुमच्यावाणीच हाय."

"तोंड बघितलं तुमी?"

आयुबभाईनं विचार केला. "तोंड न्हाय बा गावलं, गर्दी लई असती. नाव पुकारलं की हात तेवढा वर करतो आन् आत जातो." त्यांनी आपला डावा हात वर धरून दाखवला. "मनगट जरा लोंबतंय बिचाऱ्याचं."

५

तिसऱ्या दिवशी वैजनाथच्या अंगात ताप होता आणि दंडापर्यंत लाल रेघ चढली होती. सकाळी साहेबांची सही झाली, पण दुसऱ्या फोटोचं आणि ड्रेसिंगचंही तेच झालं, तो पुढं व्हायच्या आत 'बलभीम' आत जाऊन आला होता. खाजगीत जायचं तर सोलापूर गाठावं लागलं असतं. शिवाय आज होईल, उद्या होईल म्हणत माणूस एकाच दारात अडकतो, तसा तो अडकला होता. डॉक्टरनं या वेळी घाई केली नाही.

"हाडापर्यंत पू गेला तर पेर काढावं लागेल," तो म्हणाला. "आता फोटोची वाट न बघता चिरून आजच टोक काढू. पण दोनदा फोटो आणि दोन ड्रेसिंगं तुमच्या नावावर झालेली दिसतात, आणि बोटाला तर कुणी हातही लावलेला नाही. आधी तो कागद नीट करून आणा. चुकीच्या नावावर मी चाकू लावणार नाही."

पेर गेलं तर दुकान गेलं. दुकानाशिवाय वैजनाथला दुसरं काही येत नव्हतं, आणि घरात पंधरा दिवसांत बाळ येणार होतं. तो खिडकीशी गेला आणि वीरभद्रला खरं काय ते सांगून टाकलं.

वीरभद्र चिडला नाही. उलट त्याचा आवाज खाली आला. "तुमचा नवा कागद काढतो. पण ह्या अंगठ्याचं सगळं त्यांच्या नावावर चढलंय. आधी ह्या नोंदीवर 'मयत' असा शिक्का पडला पाहिजे, मग ती बंद होईल. जवळच्या नातेवाइकाचा अंगठा लागतो. आई असल्यावर आईचाच."

वैजनाथ फॉर्म घेऊन बाकड्याजवळ गेला. सिताबाईनं कागद पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिला कळलं.

"म्या न्हाय लावत."

"माय, माझा अंगठा जायची येळ आलीया."

"एक डाव बिनानावाचा मेला त्यो," ती म्हणाली. "आता कुठं नावानं बोलवायलेत त्याला. पट्टी करायलेत. इचारायलेत, दुखतंय का म्हणून. आन् तू म्हणतुस नाव काढ?"

"त्यो न्हाय माय. बलभीम न्हाय आता."

"मला ठाव हाय त्यो न्हाय ते." तिचा आवाज चढला नाही, त्यानं वैजनाथ जास्त घाबरला. "पर हाक मारली की कोण येतंय मग?"

 वैजनाथ तिच्यापुढं फरशीवर बसला. आपण थोरले, आपण रडायचं नाही, हे चौदा महिने त्यानं पाळलं होतं. आता त्याला आवरेना. ताप होता, ठणका होता, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता. मेलेल्या पोरासाठी आईनं इरकल नेसलं होतं, आणि जिवंत पोराचा हात सडत चालला होता.

सिताबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "लई दुखायलंय का रं, वैजा?"

"लई, माय."

ती बराच वेळ त्याचे केस सारखे करत राहिली. मग म्हणाली, "आण."

६

खिडकीशी जाऊन तिनं शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि फॉर्मवर टेकवला. वीरभद्रनं शिक्का उचलला, तेव्हा तिनं खिडकीच्या गजातून हात घालून त्याचं मनगट धरलं.

"बाबा, शिक्का मारायच्या आदी एक डाव हाक मारा. एकच."

वीरभद्रनं आयुबभाईकडं पाहिलं. असली मागणी कुठल्या नियमात बसते? पण आयुबभाई काही न बोलता ड्रेसिंगच्या खोलीच्या दाराशी गेले. सिताबाई आपल्या जागी जाऊन बसली, पदर नीट केला. वैजनाथ तिच्या उजव्या बाजूला बसला. डावी बाजू मोकळी होती.

"बलभीम बब्रुवान!"

 वैजनाथ उठला नाही. त्यानं मान खाली घातली होती. शेजारच्या सिमेंटच्या बाकड्यावरून कुणीतरी उठल्याचं त्याला अंगाला जाणवलं, माणूस उठला की हवा हलते तेवढंच.

आयुबभाईंनी रोजच्या सवयीनं विचारलं, "संगं कोण हाय? एकच जण आत या."

"म्या हाय," सिताबाई म्हणाली. "त्याची माय."

ती उठली. तिच्या गुडघ्यांना कधी नव्हे तो आधार मिळाल्यासारखी झटकन उठली. तिच्या इरकलाचा पदर वैजनाथच्या उजव्या हातावरून सरकत गेला. धरायला फार काही लागलं नसतं, नुसती मूठ मिटायची होती. त्याच्या मनात आलं, ही आत गेली की शिक्का पडेल, शिक्का पडला की माझी हाक येईल. एवढाच विचार. मूठ त्यानं मिटली नाही. का मिटली नाही, हेच पुढं आयुष्यभर तो स्वतःला विचारणार होता.

दाराशी तिनं चपला काढल्या. हिरवा पडदा आतून बाजूला झाला. वैजनाथला दिसला तो फक्त हात. अंगठ्यावर पट्टीवर पट्टी, पट्टीवर पट्टी, इतकी की अंगठा मुठीएवढा झालेला. आणि मनगट भलत्याच ठिकाणी वाकलेलं. सिताबाईनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, दुखू नये अशा बेतानं. मग पडदा पडला.

खिडकीत शिक्का पडला.

७

"वैजनाथ बब्रुवान!"

तो आत गेला. दाराशी मायच्या चपला होत्या. आत सिस्टर वर्षाराणी एकटी होती, ट्रेमध्ये चिमटे मांडत होती. एक टेबल, एक स्टूल, हात धुवायचं बेसिन. खोलीला दुसरं दार नव्हतं आणि खिडकीला जाळी ठोकलेली होती.

"माय कुठं हाय?"

"कोण?"

"आत्ता आली की आत."

"सकाळपासनं मी एकटीच आहे, दादा," सिस्टर म्हणाली. "बसा. डॉक्टर येतायत, टोक काढतील. दुखेल, पण पेर वाचेल म्हणालेत." तिनं नवा कागद पुढं ओढला. त्यावर त्याचं नाव होतं, स्वच्छ छापलेलं. "सोबत कोण आहे? नाव सांगा, लिहावं लागतं."

वैजनाथनं पडदा उचलून बाहेर पाहिलं. बाकडं आता गच्च भरलं होतं. मोकळी जागा कुठंच नव्हती. कुणीतरी त्या दोघांना आत घेऊन दार लावल्यासारखं त्याला वाटलं, आणि बाहेर तोच एकटा राहिला होता. त्याला मोठ्यानं हाक मारायची होती. पण काय म्हणून मारायची? आणि हाकेला ती आली, आणि एकटी आली नाही, तर?

"दादा, लवकर सांगा. बाहेर लाइन आहे."

"कुणी न्हाय," तो म्हणाला.

सिस्टरनं ते तसंच लिहून घेतलं, आणि त्याचा अंगठा आपल्या हातात घेतला.